चीनला शिकायला जाणाऱ्याची शिदोरी



यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने चिनी भाषा का शिकावी, असा प्रश्न कोणी पारावर विचारला तर मंडळी हसतील. कुठे वणी, पुसद, दारव्हा, आणि कुठे पेकिंग! पण हसण्यापूर्वी आपल्या शेतातल्या कापसाकडेच एकदा पाहा. जुन्या चिनी ग्रंथांतून कापसाला ‘जी-बेई’ असा एक शब्द सापडतो. भाषापंडितांच्या मते तो आपल्या ‘कार्पास’ या संस्कृत शब्दाचाच समुद्रमार्गे तिकडे गेलेला अवतार आहे. म्हणजे आपला कापूस तिकडे गेला तो आपले नाव बरोबर घेऊनच गेला. उलट सकाळी उठल्याबरोबर आपण ज्याची वाट पाहतो त्या चहाने आपले चिनी नाव इकडे आणले. वस्तू जाते तसा शब्दही जातो. मग माणूसही जातो, आणि आज आपल्याला गोष्ट करावयाची आहे ती अशा माणसांची.

शिकण्यासाठी दूरदेशी जाणाऱ्यांत पहिला मान चिनी लोकांनाच द्यावा लागेल. ह्युएनत्संग हा भिक्षू इसवी सनाच्या सातव्या शतकात पायी भारतात आला. नालंदेला शीलभद्राच्या पायाशी बसून शिकला, आणि 641 च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथला राजा पुलकेशी; इथली माणसे मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान झाला तर सूड घेणारी; शत्रूवर जाण्यापूर्वी त्याला आधी सूचना देणारी, असे त्याने लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचेही वर्णन त्याने केले आहे. ते अजिंठ्याचे असे विद्वान समजतात. 645 साली तो स्वदेशी परतला तो 657 ग्रंथ घेऊन.

त्याच्यामागून आला इ-त्सिंग. शिक्षकमित्रांनी याची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. 671 साली कँटनहून निघालेला हा भिक्षू सरळ भारतात आला नाही. वाटेत सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय नगरात तो सहा महिने थांबला आणि तिथे संस्कृत व्याकरणाचा पाया पक्का करून मग पुढे निघाला. पुढे त्याने आपल्या देशबांधवांना सल्ला दिला की, भारतात जावयाचे असेल तर आधी श्रीविजयास एकदोन वर्षे राहून अभ्यास करा. अहो, पाऊस पडल्यावर कोणी नांगर शोधीत बसते का? मशागत आधी, पेरणी मागाहून. परदेशात थोडे दिवस राहून पुष्कळ शिकावयाचे असेल, तर घरून शिदोरी बांधून निघावे लागते. तेराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही जुना झालेला नाही.

आता आपल्याकडून तिकडे गेलेल्यांकडे वळू. 1937 साली जपानने चीनवर स्वारी केली. चिनी सेनानी चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष त्यावेळी सुभाषबाबू होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडावयाचे ठरविले. पथकाचे प्रमुख होते डॉ. अटल. त्यांच्याबरोबर डॉ. मुखर्जी आणि डॉ. बसू हे बंगालचे, डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे आणि डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे. 1 सप्टेंबर 1938 रोजी हे पाचजण मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पुरे झाले नव्हते.

शांतिनिकेतनात चीन-भवन उभे करणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी या डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर जोडले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीह्वा’. याच सुमारास घरून वडील वारल्याची बातमी आली. परतण्याची मुभा होती, पण ते परतले नाहीत.

कोटणीसांजवळ चिनी भाषेची शिदोरी नव्हती. त्यांनी ती जखमी शिपायांच्या खाटेपाशी बसून मिळविली. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे दुभाष्यामार्फत किती दिवस विचारणार? दुभाषा नसला म्हणून रोगी थांबतो थोडाच! त्यांनी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे वैद्यकीय शाळेत ते चिनीतून शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते 1941 च्या आरंभी प्रमुख झाले. तिथल्याच परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक त्यांनी चिनीत लिहावयास घेतले होते, ते अपुरे राहिले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. 1946 साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. वसंत देसाई यांनी त्याला संगीत दिले, आणि सोलापूरच्या या डॉक्टराचे नाव घरोघरी गेले.

दुसरा मार्ग ग्रंथांचा. पुण्याचे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे पालीचे पंडित. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा जुना बौद्ध ग्रंथ मूळ पालीत आपल्याकडून नाहीसा झाला होता, पण सहाव्या शतकाच्या आरंभी झालेले त्याचे चिनी भाषांतर जगले होते. बापटांनी त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून तुलना केली आणि तो अभ्यास 1937 साली प्रसिद्ध केला. पाहा, आपलीच हरवलेली ठेव शेजाऱ्याच्या कोठारात सापडते! पण ते कोठार उघडावयाचे तर किल्ली त्याच्या भाषेचीच हवी.

तिसरा मार्ग राज्यकारभाराचा. 1947 साली सरकारी शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात शिकावयास गेलेल्यांत वसंत परांजपे हे एक होते. 1954 साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा नेहरू आणि माओ यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसले ते हेच परांजपे. दोन मोठ्या राष्ट्रांचे बोलणे काही तास का होईना, एका मराठी माणसाच्या जिभेवरून गेले.

मग 1962 चे युद्ध आले. रागाच्या भरात आपण शेजाऱ्याची भाषाही दूर लोटली. ते नुकसानीचे झाले. भांडण झालेल्या शेजाऱ्याचे बोलणे तर अधिकच नीट कळावयास हवे. त्या वर्षांत चीनमध्ये काय चालले आहे हे आपण पुष्कळदा विलायती पुस्तकांतून वाचीत होतो. तरी अभ्यासाचा दिवा विझला नाही. मराठी नाटककार गो. पु. देशपांडे यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वर्षानुवर्षे चीनचा अभ्यास शिकविला.

आता भाषेकडे वळू. चिनीत सुराला अर्थ आहे. आपणही ‘हो’ हा शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणतो. ‘हो?’ म्हणजे शंका, ‘हो!’ म्हणजे होकार, लांबवून ‘होऽऽ’ म्हटले की रानातल्या हाकेला ओ. पण आपला शब्द तोच राहतो, फक्त भाव बदलतो. चिनीत शब्दच बदलतो. वर सांगितलेला ‘ह्वा’ चढत्या सुरात म्हटला तर चीन, आणि सपाट उंच सुरात म्हटला तर फूल. असे मुख्य चार सूर आहेत. लिपी मात्र भिववते तितकी भयंकर नाही. झाडाचे एक चिन्ह आहे. ती दोन जोडली की राई, तीन जोडली की अरण्य. सूर्य आणि चंद्र शेजारी बसविले की उजेड. फळ्यावर एकदा काढून दाखवा, चौथीतली पोरेसुद्धा विसरणार नाहीत.

ज्याचा कान सुराला तयार आहे त्याला ही भाषा लवकर लागते, म्हणून भाषेबरोबर संगीतही शिकावे. जुन्या चिनी संगीतातले पाच मुख्य स्वर आहेत कुंग, शांग, च्युए, चृ आणि यू. पेटीवर वाजवून पाहिले तर सा, रे, ग, प, ध! म्हणजे आपल्याकडे पोरांना आरंभी शिकवितात त्या भूपाचेच स्वर. अर्हू नावाचे त्यांचे दोन तारांचे वाद्य आहे. त्याच्या गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात. आपल्या भागातल्या परधानांची किंगरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ते परके वाटणार नाही. 568 साली मध्य आशियातल्या कूचा नगरीचा सुजीव नावाचा वादक चीनच्या दरबारी गेला. त्याने तिथे सात स्वरांची पद्धत नेली आणि तिच्या नावांत आपल्या षड्ज-पंचमाचे पडसाद ओळखू येतात. चीनमध्ये घरोघरी ठाऊक असलेले एक लोकगीत ‘मोली-ह्वा’ या फुलाचे आहे. त्यातली ‘मोली’ म्हणजे आपली संस्कृत ‘मल्लिका’. मोगऱ्याच्या कुळातलेच हे फूल!

कोणी म्हणेल, हे सारे गोड आहे, पण पोटाचे काय? तर मग पुन्हा कापसाकडे या. 2011 ते 2014 या काळात भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. 2014 साली चीन सरकारने आपल्या कापूस-साठ्याचे धोरण बदलले, खरेदी आखडली, आणि भाव उतरल्याची झळ आपल्या बाजारालाही लागली. तो निर्णय चिनी भाषेत लिहिला गेला. तो मुळातून वाचणारी माणसे आपल्यात किती होती? भाषा येत असती तर भाव चढले असते असे नव्हे. पण पुढे काय वाढून ठेवले आहे ते थोडे आधी कळले असते, आणि शेतकऱ्याला आधी कळण्याची किंमत काय असते ते मी आपल्याला सांगावयास नको.

तेव्हा गुरुजी, आपल्या शाळेतली एखादी हुशार मुलगी पुढेमागे दोनतीन महिन्यांसाठी चीनला शिकावयास निघाली, तर दोनतीन महिन्यांत काय होणार, असे म्हणून तिला परावृत्त करू नका. तिला इ-त्सिंगाची गोष्ट सांगा. चार सूर, शेदोनशे अक्षरे आणि एखादे गाणे इथेच पाठ करवून घ्या. आपल्या अजिंठ्याची आणि आपल्या कापसाची माहितीही तिच्यापाशी असू द्या, कारण तिकडची माणसे तिला तिच्या गावाविषयीच आधी विचारतील. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे थोडे दिवसही पुष्कळ पुरतात.