बालवीरांचा वडीलभाऊ

बालवीर म्हटलें कीं खाकी पोषाख, गळ्यांतला रुमाल, हातांतली काठी आणि ओळीनें उभीं असलेलीं मुलें डोळ्यांपुढें येतात. या चित्रांत एक व्यक्ति सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ती म्हणजे मुलांच्या रांगेपासून थोडा दूर, एका बाजूस उभा असलेला प्रौढ मनुष्य. या कामाबद्दल त्याला वेतन नसतें. दिवसभर शाळा, कचेरी किंवा दुकान सांभाळून तो सायंकाळीं मुलांत येतो. सुट्टीच्या दिवशीं त्यांना रानांत नेतो, त्यांच्याबरोबर चुलीचा धूर खातो, आणि रात्रीं तीं निजल्यावर त्यांची शिरगणती करून मग स्वतः आडवा होतो. बालवीर चळवळीचा इतिहास पुष्कळदां गणवेशांचा, मेळाव्यांचा आणि संस्थांच्या वादांचा म्हणून सांगितला जातो. खरें पाहतां तो या स्वयंसेवकाचा इतिहास आहे. नांदेड-लातूरच्या मुलखाकडे पाहिलें म्हणजे तर हा वडीलभाऊ गणवेशावांचूनही आपलें काम करूं शकतो, हें विशेष स्पष्ट होतें.

चळवळीचा उगम दक्षिण आफ्रिकेच्या रणभूमींत शोधण्याची चाल आहे. 1899-1900 मध्यें बोअरांनीं मॅफेकिंग या गांवाला 217 दिवस वेढा घातला होता. तेथील इंग्रज सेनापति बेडन-पॉवेल याच्या फौजेला गांवांतल्या पोरांच्या एका तुकडीनें निरोप पोंचविण्याच्या कामीं मोठें साहाय्य केलें. विश्वास टाकला असतां लहान मुलेंही जबाबदारी पेलतात, हा धडा त्यानें तेथें घेतला. पुढें 1907 च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यानें सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतलीं मुलें होतीं आणि मोलमजुरी करणाऱ्यांचींही होतीं. दुसऱ्या वर्षीं त्याचें पुस्तक पाक्षिक भागांनीं प्रसिद्ध झालें, आणि जें घडलें त्याची लेखकालाही कल्पना नव्हती. गांवोगांवचीं मुलें तें वाचून आपआपल्या टोळ्या बांधूं लागलीं, आणि टोळी बांधून झाल्यावर आपला नायक होण्यास राजी असेल अशा एखाद्या वडील माणसाच्या शोधास लागलीं. मुलें अगोदर व मास्तर मागून, असा हा उलटा क्रम होता. प्रौढानें मुलांना गोळा केलें नाहीं. मुलांनीं प्रौढाला बोलावून आणलें. या चळवळींतील वडील माणसाचें स्थान काय, याचें उत्तर या जन्मकथेंतच आहे.

बेडन-पॉवेलनें पुढें नायकांसाठीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें, आणि 1919 सालीं लंडनजवळ गिलवेल पार्क येथें त्यांच्या शिक्षणाचा पहिला वर्ग भरला. या सर्व शिकवणुकीचें सार एवढेंच, कीं नायकानें पंतोजी होऊं नये व सुभेदारही होऊं नये, वडीलभाऊ व्हावें. त्यासाठीं रचनाही तशीच केलेली आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ. त्या संघाचा नायक त्यांच्यांतलाच एक मुलगा. आणि अशा कांहीं संघांचें मिळून एक पथक. तंबू कोठें ठोकावा, सैंपाकाची पाळी कोणाची, पाणी कोणीं आणावें, हें संघनायकानें ठरवावें. प्रौढानें पहावें, विचारल्यास सांगावें, आणि धोका दिसल्यावांचून मध्यें पडूं नये. हें ऐकावयास सोपें, परंतु आचरावयास कठीण. भात करपतांना दिसत असूनही गप्प बसणें, आणि करपलेला भात मुलांच्या पंक्तीस बसून हंसतमुखानें खाणें, हें शिस्तीच्या कवायतीपेक्षां अवघड व्रत आहे. पण त्यावांचून पुढच्या वेळीं भात चांगला होत नाहीं, आणि तो शिजविणारा मुलगाही तयार होत नाहीं.

लहान मुलांच्या शाखेंत तर या वडीलभावाचें नांवच हिंदुस्थानच्या अरण्यांतून गेलें आहे. 1916 मध्यें ही शाखा निघाली, तेव्हां मुंबईस जन्मलेल्या किप्लिंगच्या जंगलकथांचा आधार घेण्यांत आला. लांडग्यांच्या कळपाचा नायक अकेला; म्हणून बच्च्यांच्या नायकालाही अकेला म्हणूं लागले. त्या कथांचें अरण्य शिवनीकडचें, आणि त्यांतली वैनगंगा पुढें भंडाऱ्यावरून वाहत येते. इंग्लंडांतलीं मुलें आपल्या नायकाला हिंदी नांवानें हांक मारीत होतीं, आणि त्याच काळीं हिंदी मुलाला मात्र त्या पथकांत प्रवेश मिळणें कठीण होतें.

कारण 1909 सालीं कॅप्टन बेकर यांनीं बंगलोरला पहिलें पथक काढलें तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं. हिंदी मुलांना संकेत, टेहळणी व संघटना शिकविणें राज्यकर्त्यांना निर्धोक वाटेना. तेव्हां हें काम येथल्याच माणसांनीं आपल्या हातीं घेतलें. श्रीराम वाजपेयी यांनीं 1913 मध्यें शहाजहानपूर येथें स्वतःचें पथक उभारलें. 1916-17 च्या सुमारास मद्रासेकडे ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनीं हिंदी मुलांची स्वतंत्र संस्था काढली आणि मुलांच्या डोक्यावर हॅटऐवजीं फेटा आला. 1918 मध्यें पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांच्या प्रयत्नानें अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संस्था निघाली. यात्रेंत हरवलेल्या मुलाला आईपाशीं पोंचविणें, बुडत्याला काढणें, आजाऱ्याला पाणी देणें, हा तिचा अभ्यासक्रम होता. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं 1905 मध्यें पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद, आणि 1936 पासून त्याचे अध्यक्ष. सार्वजनिक कार्य हें फुरसतीचें नसून व्रताचें आहे, ही गोखल्यांची शिकवण अशा रीतीनें मुलांच्या मैदानापर्यंत येऊन पोंचली.

खरा वाद होता तो शपथेचा. मूळ वचनांत देवाबरोबर राजाविषयींचें कर्तव्य सांगितलेलें होतें. परक्या राजाशीं निष्ठेचें वचन मुलांच्या तोंडून वदवावें कीं नाहीं, हा प्रश्न हिंदी नायकाला टाळतां येण्यासारखा नव्हता. 1921 मध्यें बेडन-पॉवेल हिंदुस्थानांत आला तेव्हां बेझंटबाईंची संस्था त्याच्या संस्थेंत सामील झाली. सेवा समिति वेगळी राहिली. 1937 मध्यें हिंदी लोकांच्या शीलाविषयीं त्याचे अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. दुसऱ्या वर्षीं हिंदुस्थान स्काउट संघटना उभी राहिली. तरीही दोन्ही बाजूंचा गृहस्थ नायक सायंकाळीं करीत होता तें काम एकच होतें. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे व पुढें सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विव्हियन बोस यांच्यासारखे पुरुष न्यायासनावरून उतरून बालवीरांच्या कार्यांत रस घेत. मुलांचा नायक होण्यांत प्रतिष्ठेला उणेपणा येत नाहीं, हें अशा उदाहरणांनीं मध्य प्रांताच्या सुशिक्षित समाजाला दाखवून दिलें.

मराठवाड्याची स्थिति मात्र निराळी होती. हा प्रदेश निजामाच्या राज्यांत. दुय्यम शिक्षणाचें माध्यम उर्दू. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी हवी. आखाड्यावर नजर, आणि सभेला गश्ती निशाण 53 चा अडसर. चार मुलें मैदानावर जमवून त्यांना रांगेंत उभें करणारा मनुष्य कोतवालाच्या टिपणवहींत जाण्यास वेळ लागत नसे. अशा राज्यांत गळ्यांत रुमाल बांधून काम करणें हें राजमान्यतेचें लक्षण होतें. ज्याला ती मान्यता नको होती त्याला रुमालावांचूनच काम करणें भाग होतें.

तें काम राष्ट्रीय शाळांनीं केलें. लातूरच्या दक्षिणेस, उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या आडगांवीं 1921 मध्यें अशी एक शाळा निघाली. लातूर स्वतःही त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. त्याचा वेगळा जिल्हा 1982 मध्यें झाला. हिप्परग्याला व्यंकटेश भवानराव खेडगीकर नांवाचा एक तरुण शिक्षक येऊन राहिला. 1903 सालीं जन्मलेल्या या तरुणानें असहकाराच्या हांकेनें सरकारी शिक्षण सोडलें होतें, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं सार्वजनिक कार्याचे धडे घेतले होते. 1932 मध्यें त्यानें संन्यास घेतला. हेच स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्यास व त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत त्यांनीं मुलांसाठीं आपलें सर्वस्व वेंचलें. त्यांना स्वतःचा संसार नव्हता. शाळा व वसतिगृह हाच त्यांचा संसार झाला. पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत त्यांच्या शब्दासरशी तरुण तुरुंगांत गेले. तो शब्द व्यासपीठावर कमावलेला नव्हता. तो वसतिगृहाच्या ओसरीवर कमावलेला होता.

याच सुमारास खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी असेंच कार्य करीत होते. वसतिगृहांतल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवीत, आणि त्यांच्यासाठीं हातानें लिहून रोजचें पत्र काढीत. त्यांनीं मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान दिलें नाहीं. खोली झाडलेली पाहून मुलेंच लाजलीं आणि झाडूं लागलीं. ब्राउनसीच्या बेटावरील इंग्रज सेनापतीनें जें सूत्ररूपानें सांगितलें, तें या मराठी शिक्षकांच्या ठायीं स्वभावतःच होतें.

निजामी राज्यांतही प्रश्न अखेर वचनाचाच आला. 1938 मध्यें औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रार्थनेंत वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला आणि शेंकडों मुलांना कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. त्यांना नागपूरच्या विद्यापीठानें आश्रय दिला. मुलानें मनापासून काय म्हणावें हें फर्मानानें ठरत नाहीं, एवढी गोष्ट या प्रकरणानें सिद्ध केली.

ब्रिटिश मुलखांत या भावनेला संघटनेचें रूप देण्याचा यत्न अगोदरच सुरू झाला होता. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनीं 1923 मध्यें हिंदुस्थानी सेवा दल स्थापिलें. त्याच परंपरेंत 4 जून 1941 रोजीं पुण्यास राष्ट्र सेवा दल उभें राहिलें आणि एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. रोज सायंकाळीं मैदानावर शाखा, खेळ, गाणीं, कवायत, सुट्टींत शिबिर, जातिधर्माचा भेद नाहीं, आणि मुलांबरोबर मुलीही. हें दल बालवीर संस्था नव्हे; पण शाखानायक म्हणून ज्या तरुण शिक्षकांनीं व कारकुनांनीं वर्षानुवर्षें सायंकाळ दिली, ते वडीलभावाच्याच जातीचे.

1948 च्या 17 सप्टेंबरला निजामी राज्याचा शेवट झाला. 7 नोव्हेंबर 1950 रोजीं देशांतील प्रमुख बालवीर संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था निर्माण झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 ला मुलींची गाइड संस्थाही तींत मिळाली. वचनांतून राजा गेला व देश आला. 1956 मध्यें मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि 1960 मध्यें महाराष्ट्रांत आला. ज्या मुलखांत मुलें जमविणें हा गुन्ह्यासारखा मानला जात होता, तेथें शाळाशाळांतून तें अभ्यासक्रमाचें अंग झालें. नायकांच्या शिक्षणासाठीं पचमढीस राष्ट्रीय केंद्र आहे, आणि तेथल्या उच्च प्रशिक्षणाच्या सन्मानचिन्हाला हिमालयाचें नांव आहे.

तथापि, सोय झाली म्हणजे कार्य झालें असें नव्हे. पूर्वी अडचण मनाईची होती. नंतर ती हुकुमाची झाली. शाळेंत एखाद्या शिक्षकावर पथक सोंपविलें जातें. त्याचें मन त्यांत असलें तर पथक फुलतें, नसलें तर स्वातंत्र्यदिनाच्या संचलनापुरता गणवेश उरतो. मनाईला तोंड देणारे लोक मराठवाड्यानें पाहिले. हुकुमाला प्राण देणारे लोक मिळणें त्याहून सोपें असावयास हवें, परंतु तसें घडतेंच असें नाहीं.

या कामाची किंमत संकटाच्या वेळीं कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे, गणेशविसर्जनाहून परतून गांवें गाढ झोंपलेलीं असतां, लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर यांच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. मागें राहिलेल्या पोरक्या मुलांसाठीं राष्ट्र सेवा दलानें नळदुर्ग येथें 'आपलं घर' उभें केलें. मदतीचीं धान्याचीं पोतीं व कापडाचे गठ्ठे कांहीं महिन्यांत थांबतात. मूल मोठें होण्यास मात्र पंधरा वर्षें लागतात. तेवढीं वर्षें त्याच्याजवळ कोणीतरी राहावें लागतें. शाखेच्या मैदानावर सायंकाळ देण्याची संवय ज्यांनीं लावून घेतली होती, त्यांच्या परंपरेला हें राहणें परकें नव्हतें.

सुशिक्षित घरांतून मुलांसाठीं शिकवणी, पुस्तकें आणि फी यांची तरतूद होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच गांवांतल्या दुसऱ्याच्या मुलासाठीं आठवड्यांतली एक सायंकाळ देणारा गृहस्थ वा गृहिणी सहज मिळत नाहीं. त्यासाठीं संन्यास घ्यावा लागत नाहीं, कीं सेनापति व्हावें लागत नाहीं. गाठी मारतां येणें, शिळ घालतां येणें, मुलांच्या चुकांवर धीर धरतां येणें, आणि ठरल्या वेळीं न चुकतां मैदानावर हजर असणें, एवढें पुरें. 1908 च्या मुलांनीं पुस्तक वाचून टोळी बांधली आणि मग वडीलभाऊ शोधावयास निघालीं. नांदेडच्या गोदाकांठीं आणि लातूरच्या मोकळ्या माळावर तीं मुलें आजही आहेत; त्यांना येऊन मिळणाऱ्याची तेवढी वाण आहे.