सुप्याचा बाजार आणि ई-कॉमर्सचा पहिला तास

१/ कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव. जुनी ओळख फिरंगाई देवीची, नवी ओळख औद्योगिक वसाहतीची. इथला एखादा पदवीधर ई-कॉमर्सच्या पदव्युत्तर वर्गात दाखल झाला, तर पहिल्या दिवशी वेळापत्रक पाहून तो बुचकळ्यात पडेल. संगणकशास्त्राच्या शेजारी करारांचा कायदा, त्याखाली हिशेबशास्त्र आणि त्याखाली ग्राहकांचे वर्तन. दुकान संगणकावर मांडायचे, तर एवढ्या विद्या कशासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्या गावाच्या नैर्ऋत्येला, सुप्याच्या बाजारात मिळते. तारीख १२ मे १८७५.

२/ अशी सरमिसळ अभ्यासक्रमांत जाणीवपूर्वक केली जाते. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाने ई-कॉमर्सची पदव्युत्तर पदवी संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि कायदा या तीन विद्याशाखांच्या सहकार्याने उभी केली. कारण ऑनलाइन व्यवहारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना पाहत नाहीत. दोघांच्या मध्ये असते ती फक्त एक नोंद. ती नोंद कोण लिहितो, कोणाला वाचता येते आणि तंटा झाल्यास न्यायालय तिला काय मानते, या तीन प्रश्नांवर सारा व्यवहार उभा असतो. भीमथडीच्या शेतकऱ्यांनी हेच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजून ओळखले होते.

३/ आजच्या दौंड–बारामती परिसराचा बराच भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. रयतवारी पद्धतीत सारा रोख भरावा लागे आणि पीक हाती येण्याआधीच हप्त्याची तारीख येई. साहजिकच कुळाची पावले सावकाराच्या ओट्याकडे वळत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कर्जे सहज मिळू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास फेरआकारणीत सरकारने साराही वाढवला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जाची वसुली सुरू झाली.

४/ कर्जाचा पुरावा म्हणजे खत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात उलटेच घडले. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या मुद्दलात मिसळून टाकी. निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढून देई. कागदावर काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे. फेडलेल्या रकमेची पावती बहुधा मिळत नसे. सारी नोंद एकाच पक्षाच्या हातात होती.

५/ पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातील करडे गावी पडली. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम या सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या शेतात राबायचे नाही, त्यांच्या घरची कामे करायची नाहीत. बहिष्काराचे हे लोण गावोगाव पसरले.

६/ सुपे हे बाजाराचे गाव. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर ज्याचे नाव घेतले जाते, तेच हे सुपे. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या गावांतील शेतकरी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. खते आणि हिशेबाच्या वह्या त्यांनी मागितल्या, ओढून काढल्या आणि जाळल्या. काही दुकाने लुटली गेली, घरालाही आग लागली. पुढील आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हेच घडले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदली गेली.

७/ या दंग्यांतील एक गोष्ट लक्षणीय आहे. सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तर पुष्कळदा जमाव त्याच्या अंगाला हात न लावता निघून जाई. रोख कागदावर होता. अर्थात, ज्या कुटुंबांच्या घरांवर जमाव चालून आला, त्यांच्यासाठी ती रात्र भयाचीच होती. शिवाय कर्जबाजारीपणाला एकटा सावकार कारण नव्हता. रोख साऱ्याची सक्ती आणि जागतिक बाजारातील चढउतार यांचाही त्यात वाटा होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला.

८/ त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्यातील तरतुदी आजही ओळखीच्या वाटतील. कर्जाचा दस्त निबंधकासमोर व्हावा. ऋणकोला पावती आणि हिशेब मिळावा. खतावरचा आकडा अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

९/ कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र घडले नाही. गहाणखताची छाननी होते, हे पाहून अनेक सावकार थेट विक्रीखत लिहून घेऊ लागले. कर्ज फिटले की जमीन परत, एवढा तोंडी शब्द. कागदावर विक्री, प्रत्यक्षात गहाण. नियम बदलला की व्यवहाराचा साचा बदलतो. केवळ कायदा वाचणाऱ्याला ही पळवाट दिसत नाही आणि केवळ हिशेब पाहणाऱ्याला तिचा अर्थ लागत नाही.

१०/ त्याच दशकात अनोळखी माणसांतील विश्वासाचे दुसरे एक उत्तर घडत होते. १८७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली. ग्राहकाने पोस्टमनला पैसे द्यावेत, पार्सल घ्यावे आणि टपाल खात्याने ती रक्कम विक्रेत्याकडे पोहोचवावी. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. दरम्यान १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्गही सुरू झाला होता. आज ज्याला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात, त्याची ही पणजी. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा, दोघांनाही भरवशाचा वाटणारा पक्ष उभा राहिला. आजच्या ऑनलाइन बाजारपेठा आणि देयक-यंत्रणा हेच काम करतात.

११/ आणि वहीचे काय झाले? १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते की नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात विचारात घेता येतील, पण केवळ त्यांच्या आधारे कोणावरही दायित्व लादता येणार नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेला ई-कॉमर्सचा आदर्श कायदा त्याच्या मुळाशी होता. त्याच वेळी ३४ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील वह्यांचा समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. सावकाराची चोपडी असो वा सर्व्हरवरची नोंद, एका पक्षाने लिहिलेला आकडा एकट्याच्या बळावर पुरेसा नाही.

१२/ नांगराच्या निशाणीचाही वारस आज सापडतो. ऑनलाइन खरेदी करताना लांबलचक अटींखालच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असे आणि ग्राहक न वाचता पुढे जाई. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी अशी आधीच खूण केलेली संमती अग्राह्य ठरवली. संमती ग्राहकाने स्वतःच्या स्पष्ट कृतीने द्यावी, तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावी आणि तिचे निवारण महिन्याभरात व्हावे, असे हे नियम सांगतात. निशाणी उमटली म्हणजे संमती मिळाली, हे गृहीतक भीमथडीत महाग पडले होते.

१३/ म्हणून ई-कॉमर्सच्या पहिल्या तासाला बसणाऱ्याने कोणताही व्यवहार पाहताना चार गोष्टी विचाराव्यात. नोंद कोणाच्या हातात आहे? दुसऱ्या पक्षाला ती वाचता येते का? पैसे दिल्याची पावती मिळते का? आणि तंटा झाला, तर मागचा इतिहास तपासणारे कोणी आहे का? पहिल्या प्रश्नाला संगणकशास्त्र लागते, दुसऱ्याला समाजशास्त्र, तिसऱ्याला हिशेब आणि चौथ्याला कायदा. करडे आणि सुपे इथल्या कुळांना १८७५ च्या उन्हाळ्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते.