सादळू नये म्हणून

पापड सादळतात, काडेपेटी सादळते. कॅमेऱ्याच्या भिंगाला मात्र थेट बुरशी लागते. टिपेश्वरचा वाघ टिपायला धावणाऱ्या यवतमाळच्या हौशी मंडळींना हे दसऱ्याच्या सुमारास कळतं. पावसाळ्यात सफारी बंद, म्हणून लेन्स बॅगेत आणि बॅग कपाटात. तीन महिन्यांनी उजेडासमोर धरावी, तर काचेच्या आत कोळिष्टकासारखे बारीक तंतू. माझी एक लेन्स अशीच गेली. बुरशीच्या आम्लानं काचेवरचा लेप एकदा खाल्ला, की कितीही पुसा, डाग राहतोच.

यावर उतारा म्हणजे रबरी कडेचा फरसाणाचा डबा, तळाशी सिलिका जेलचे मणी आणि इवल्याशा जागेत मावणारा आर्द्रतामापक. दिसायला कालचा जुगाड, पण कूळ जुनं.

हवाबंद करणं आपल्याला नवं नाही. कणगी शेणामातीनं लिंपायची, पेवाचं तोंड बुजवायचं, हे घरोघरी चालायचं. पण नुसतं झाकण लावलं तर आतली ओल आतच कोंडते. ती शोषणारं काहीतरी हवं. प्रयोगशाळांनी त्यासाठी कळीचा चुना वापरला. तो तर आपल्या जिल्ह्याचाच माल, वणीजवळ राजूरला त्याच्या भट्ट्या आहेत. एक किलो चुना जवळजवळ ३२० ग्रॅम पाणी पितो. खोड एकच: पाणी पिऊन तो तापतो, फुगतो, त्याची भुकटी होते. पुन्हा कळीचा करायचा तर भट्टीच गाठायला हवी.

ही अडचण सिलिका जेलनं सोडवली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ साली त्याच्या कृतीचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत ते वापरलं गेलं होतं; दुसऱ्या महायुद्धात औषधं आणि उपकरणं कोरडी ठेवायला लागलं. नाव जेल असलं तरी वस्तू काचेसारखी टणक, वाळूच्याच गोत्रातली. मण्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं; पाणी त्यांच्या भिंतींना चिकटतं, मणी मात्र तसाच राहतो. निळे मणी गुलाबी झाले की ओल भरली समजायचं. मग कढईत मंद आचेवर, १२० अंशांच्या आसपास, निळे होईपर्यंत परतायचे. चुन्याला भट्टी लागते, याला शेगडी पुरते.

जेलऐवजी तांदूळ घालणारेही भेटतात. तांदळात मुळातच १२-१४ टक्के पाणी असतं, वर कोंड्याची धूळ. ते भातालाच ठेवावेत.

काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. फार कोरडंही बरं नाही, लेन्सच्या आतलं वंगण सुकतं. डबा मृगाच्या आधी भरा, आणि मणी परतायची कढई वेगळी ठेवा: तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, पोटात जाण्याजोगा नव्हे.