जोडविटांची खेळणी आणि संग्राहकांचे सचित्र कोश

प्लास्टिकच्या विटा एकमेकींत बसवून घरे, गड व जहाजे रचण्याचा खेळ आता आपल्याकडील मुलांसही परिचित आहे. ह्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्यांसाठी जी सचित्र मार्गदर्शक पुस्तके निघतात, ती मात्र बालवाङ्मयात मोडतात असे समजून बाजूस ठेवली जातात. वस्तुतः रचनेच्या दृष्टीने ती कोशवाङ्मयाच्या जवळची आहेत. विटांबरोबर येणारे पुस्तक प्रथम क्रिया शिकवीत असे. पुढे ते नामे देऊ लागले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि मराठीच्या अभ्यासकाने त्यापासून काय घ्यावे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेच्या खेळास शिक्षणात मानाचे स्थान मिळवून दिले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने. १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या ह्या विचारवंताने मुलांसाठी योजिलेल्या ‘देणग्यां’पैकी तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला लाकडी घन होय. १८८० नंतर रुडोल्श्टाट येथील रिख्टर याच्या कारखान्यातून वाळू, खडू व जवसाचे तेल यांपासून केलेले ठोकळे विकले जाऊ लागले. ही कल्पना मूळची ओटो व गुस्टाव्ह लिलिएनथाल ह्या बंधूंची. त्यांपैकी ओटो पुढे उड्डाणाच्या प्रयोगांमुळे विख्यात झाला. ह्या पेट्यांबरोबर इमारतींच्या आराखड्यांची पुस्तिका मिळे. डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्तियनसेन ह्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. १९३४ मध्ये त्याने ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ‘लेगो’ हे नाव घेतले. १९४९ मध्ये प्लास्टिकच्या विटा आल्या आणि १९५८ मध्ये विटेच्या पोटात नळ्या घालून त्यांची पकड घट्ट करण्यात आली. पुढे पेटीत येऊ लागलेल्या रचनापुस्तिकांत शब्द जवळजवळ नसतोच. एकेक पायरीचे चित्र पाहून हाताने कृती करावयाची, एवढेच त्यांचे व्याकरण होय. ह्या पुस्तिकेस नामाची गरज नाही. तीत आहे ती केवळ आज्ञार्थी क्रिया.

नामाची गरज निर्माण झाली ती माणसाच्या आकृतीमुळे. १९७८ मध्ये हातपाय हलविता येणारी लहान बाहुली आली आणि नगर, गड व अंतराळ असे विषय वेगळे झाले. तरी १९८९ पर्यंत ह्या सर्व बाहुल्यांच्या पिवळ्या मुखावर एकच स्मित असे. भेद होता तो पोशाखाचा व शिरस्त्राणाचा. त्या वर्षी समुद्री चाच्यांच्या मालिकेत मुखे निरनिराळी झाली. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटमालिकेवर आधारलेले संच निघाले, तेव्हा अनेक बाहुल्यांस विशेषनामे प्राप्त झाली. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासून असलेल्या भेदावर ठरते, हा १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांतील सिद्धान्त येथे खेळण्यांच्या बाबतीत प्रत्ययास येतो. जोपर्यंत भेद नव्हता, तोपर्यंत संग्राहकास कोशाचे प्रयोजन नव्हते.

हे प्रयोजन ओळखले ते लंडन येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या डॉर्लिंग किंडर्स्ली ह्या प्रकाशनसंस्थेने. तिने २००९ मध्ये सायमन बीक्रॉफ्ट यांचा लेगो स्टार वॉर्सविषयक सचित्र कोश प्रसिद्ध केला. पानावर वस्तूचे मोठे छायाचित्र, त्यातील भागांकडे गेलेल्या बारीक रेषा, प्रत्येक रेषेच्या टोकास नाव, शिवाय संचाचा क्रमांक व वर्ष, अशी ह्या प्रकारच्या ग्रंथांची मांडणी असते. तिचे मूळ बरेच जुने आहे. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे निघालेल्या कोमेनियसच्या चित्रग्रंथात चित्रातील वस्तूंना आकडे देऊन त्यांची लॅटिन व जर्मन नावे समोर छापली होती. आधुनिक कोशाने ह्या पद्धतीत एक भर घातली. पुस्तकाबरोबर अन्यत्र न मिळणारी एक बाहुली देण्यात आली. कोशाने नोंदविलेली वस्तू कोशातच मिळू लागली आणि कोश हाच संग्राह्य झाला.

ह्यात लाभाबरोबर हानीही आहे. केवळ सहा विटा, प्रत्येकी आठ गुटींच्या, एक्याण्णव कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात. नाव मिळाले की त्या अनंत शक्यतांपैकी एकच ‘खरी’ ठरते. उलट, नावच नसेल तर वस्तू मोडल्यावर तिची आठवणही उरत नाही.

ही दुसरी बाजू आपल्याशी निगडित आहे. विषयवार कोशाची परंपरा आपल्याला नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडिताने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. दिवाळीत मातीचा किल्ला रचणारे मूल त्याच क्षेत्रातील बुरुज, तट, माची, बालेकिल्ला हे शब्द खेळता खेळता शिकते. तेथे रचना व नाम एकत्र नांदतात. पण दिवाळी संपली की किल्ला मोडतो, आणि पुढील वर्षीच्या किल्ल्यास मागील वर्षीचे चित्र उपलब्ध नसते.

हिंगोली जिल्ह्यात हाच प्रश्न पोळ्याच्या बैलाच्या रूपाने उभा राहतो. श्रावण अमावास्येस ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीच्या बैलाची पूजा करतात. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून अनेक मुलांना बैल जवळून दिसतो तो ह्या मातीच्या रूपातच. झूल, बाशिंग, वेसण, कासरा, घुंगरमाळ हे शब्द ज्या वस्तूंवर आधारलेले आहेत त्या गोठ्यातून जात असताना केवळ शब्दांची यादी पुरेशी ठरणार नाही. वस्तूचे चित्र, भागाकडे जाणारी रेषा, गावागावांत बदलणारे नाव आणि नोंदीचे वर्ष, ही डेन्मार्कच्या खेळण्याभोवती वाढलेली पद्धती येथे जशीच्या तशी उपयोगी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या कुंभारवाड्यापासून असा संग्रह आरंभावा. खेळणे लहान असले, तरी त्यास चिकटलेली शब्दसंपत्ती लहान नाही.