मूळची गाडी कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अँबॅसिडर मोटार तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. कितीतरी जण तिच्यात बसून लग्नाच्या मांडवात उतरले असतील. लाल दिवा मिरवणारी, मागच्या बाकावर चार माणसे सहज सामावून घेणारी ही भारदस्त गाडी. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ‘स्पोर्ट्‌स कार’ या शब्दाशी तिचे काही नाते असेल, असे कुणाला वाटणार नाही. पण नाते आहे, आणि ते अगदी सख्ख्या चुलत भावंडांचे आहे. अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा भारतीय अवतार. तिच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे धडधडणारे १४८९ सीसीचे इंजिन ‘बी सीरीज’ या घराण्यातले. त्याच घराण्याची इंजिने तिकडे एमजी नावाच्या दोन आसनी, उघड्या टपाच्या, देखण्या गाड्यांना पळवत होती.

या एमजी गाड्यांतली सर्वांत लोकप्रिय म्हणजे एमजीबी. तिचा कारखाना बंद होऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी घरोघरच्या गॅरेजांत ती उघडली जाते, जोडली जाते, कुणी तिला पहिल्यासारखी करतो, तर कुणी आपल्या मनासारखी. या घरगुती कारागिरीची हकीकत सांगताना एक प्रश्न सतत आडवा येतो : इतके बदलल्यावर त्यात मूळची गाडी कोणती?

गंमत अशी, की एमजीचा जन्मच मुळी दुसऱ्याची गाडी बदलण्यातून झाला. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांचे ऑक्सफर्ड शहरातले हे गाड्यांची विक्री व दुरुस्ती करणारे दुकान. १९२२ मध्ये तिथे सेसिल किंबर हे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या गाड्या साध्यासुध्या, मध्यमवर्गीयांना परवडणाऱ्या. किंबरनी त्यांच्यावर नव्या, डौलदार बॉडी चढवायला सुरुवात केली. स्प्रिंगा आणि स्टिअरिंगमध्ये सुधारणा केल्या. ज्याला साध्या मॉरिसपेक्षा काही वेगळे हवे होते, त्याला ही गाडी आवडू लागली. १९२५ मध्ये मॉरिसच्याच सुट्या भागांत फेरफार करून किंबरनी स्वतःसाठी एक स्पर्धेची गाडी बांधली आणि त्या वर्षीच्या ईस्टरला ‘लंडन ते लँड्स एंड’ स्पर्धेत ती चालवून सुवर्णपदक मिळवले. पुढे तिला ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव पडले. किंबरनी ती विकून टाकली होती. काही वर्षांनी ती भंगारात सापडली, तेव्हा कंपनीने ती परत विकत घेतली. आज मोठ्या मानाने जपली जाणारी ही गाडी एके काळी भंगारातही पडून होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९२९ मध्ये एमजीचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी गेला. तिथून १९६२ मध्ये एमजीबी बाहेर पडली. सिड एनेव्हर या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली होती. इंजिन १७९८ सीसीचे, वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा वर, किंमत नोकरदार माणसाच्या आवाक्यातली. पुढच्या अठरा वर्षांत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनला कारखान्याचा सुवर्णमहोत्सव थाटात साजरा झाला. त्याच्या पाठोपाठ, १० सप्टेंबर रोजी, मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कामगारांनी निदर्शने केली, गाडीच्या चाहत्यांनी मोर्चा काढला, कारखाना विकत घेण्याचे प्रयत्नही झाले. कशाचाच उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. कंपनीच्या लेखी गाडीचा इतिहास तिथे संपला. प्रत्यक्षात तो कारखान्यातून घराच्या गॅरेजमध्ये गेला.

हे शक्य का झाले? एक कारण गाडीच्या साधेपणात आहे. बॉनेट उघडले की इंजिनच्या चारी बाजूंनी हात जातो. पाने, जॅक, हातोडी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर पुष्कळ काम होते. दुसरे कारण म्हणजे पुस्तके. जॉन हेन्स या तरुणाने शाळेत असतानाच, १९५६ मध्ये, जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून छोटी स्पोर्ट्‌स कार कशी बनवावी याची पुस्तिका काढली होती. पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला आणि एडनला असताना त्याच्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. ही छोटी स्पोर्ट्‌स कारही अ‍ॅबिंग्डनच्याच कारखान्यात बनायची. कंपनीचे दुरुस्ती-पुस्तक शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेले. घरच्या माणसाला त्यातून काही उमगेना. तेव्हा हेन्सने गाडी सुटी करताना आणि पुन्हा जोडताना प्रत्येक पायरीची छायाचित्रे काढली. त्यातून १९६६ मध्ये हेन्स मालिकेचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले. पुढे या मालिकेत शेकडो गाड्यांची पुस्तके आली. जे ज्ञान उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढून मिळायचे, ते तेलाने बरबटलेल्या पानांतून कारकुनापर्यंत आणि शिक्षकापर्यंत पोचले.

अर्थात पुस्तक हाताशी असले तरी काम सोपे नसते. एमजीबीचा खरा शत्रू म्हणजे गंज. जुन्या पद्धतीच्या गाडीत खाली लोखंडी चासी आणि वर बॉडी असे दोन वेगळे भाग असत. एमजीबीत तसे नाही. तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. शिवाय उघड्या गाडीला टप नाही. त्यामुळे बराचसा भार पेलतात ते दाराखालून जाणारे, पत्र्याचे पोकळ उंबरे. इंग्लंडचा पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ नेमके तिथेच साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग चकचकीत दिसतो. टोकदार पान्याने टोचले की आरपार भोक पडते.

मग नवशिका उत्साहाने कुजलेला उंबरा कापायला घेतो. इथेच पहिला धडा मिळतो. दारांच्या मोकळ्या जागेत आधी लोखंडी दांडे वेल्ड करून आधार दिला नाही, तर उंबरा कापताच गाडी मधोमध वाकते. नवा उंबरा बसतो खरा, पण मग दार लागत नाही. आणि सगळे पुन्हा कापावे लागते. म्हणून जाणते लोक एका वेळी एकच बाजू धरतात, प्रत्येक टप्प्यावर दार लावून पाहतात आणि मगच पुढे जातात. लांबी भरून, रंग मारून गाडी देखणी करता येते. पण वळणावर मालकाचा जीव सांभाळतो तो आतला, कुणाला न दिसणारा पत्रा.

हे झाले गाडी पूर्ववत करण्याचे. काहींना पूर्ववत गाडी नकोच होती. केन कॉस्टेलो हे पूर्वी शर्यतीत गाड्या चालवणारे गृहस्थ. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवायला सुरुवात केली. एवढे मोठे इंजिन घातल्यावर गाडीचे नाक जड होईल, असे कुणालाही वाटेल. पण ते अ‍ॅल्युमिनियमचे होते. त्याचे वजन जुन्या बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या आसपासच भरायचे. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. ब्रिटिश लेलँडने कॉस्टेलो यांची गाडी मागवून तपासली आणि १९७३ मध्ये स्वतःच आठ सिलिंडरची एमजीबी जीटी बाजारात आणली! मोठ्या कारखान्याने छोट्या वर्कशॉपची कल्पना उचलली होती.

याच्या उलट एक प्रकार. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस कंपनीने एमजीबीचे चकाकते क्रोमचे बंपर काढून काळे, जाड, रबरी दिसणारे बंपर लावले आणि गाडीची उंचीही वाढवली. रूप गेले, वळणावरचा तोलही बिघडला. पुढे अनेक मालकांनी हे बंपर काढून क्रोमचे लावले आणि गाडी पुन्हा खाली आणली. आता या कामाला काय म्हणायचे? १९७६ सालची गाडी १९७० सालची दिसू लागली. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे पाहिले तर हा बदल. एमजीबीच्या मूळ कल्पनेप्रमाणे पाहिले तर हाच जीर्णोद्धार.

हा प्रश्न १९८८ मध्ये आणखी टोकदार झाला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने एमजीबीचे जुने साचे शोधून, दुरुस्त करून तिची संपूर्ण बॉडी नव्याने बनवायला घेतली. आता गंजलेल्या गाडीतले इंजिन, चाके, आसने, स्टिअरिंग काढून नव्या कोऱ्या सांगाड्यात बसवता येऊ लागले. या कामाचे आणखी एक फळ म्हणजे १९९२ मध्ये रोव्हर कंपनीने याच बॉडीच्या आधारे एमजी आरव्ही८ ही नवी गाडी आणली. सुमारे दोन हजार गाड्या बनल्या, त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. घरी गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी काढलेल्या साच्यांनी कंपनीलाच पुन्हा स्पोर्ट्‌स कार दिली.

मग गाडीची ओळख नेमकी कुठे असते? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने दीर्घकाळ वापरलेली एक गुणपद्धती होती. मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना क्रमांक टिकवायचा तर किमान आठ गुण लागत. चासी किंवा बॉडीचा सांगाडा याला पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला अवघा एक! आपण ज्याला गाडीचे हृदय म्हणतो, त्याची किंमत सरकारी हिशेबात सर्वांत कमी.

न्यायालयातही हा वाद गेला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली एक बेंटले १९९० मध्ये प्रचंड किमतीला विकण्याचा करार झाला. घेणारा म्हणू लागला, की हिच्यात शर्यतीच्या वेळचे भाग फारसे उरलेलेच नाहीत, मग ही ती गाडी कशी? लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी तीच. भाग वेळोवेळी बदलले, पण तिचे आयुष्य कुठे खंडित झाले नाही. ती कधी दुसऱ्या गाडीत विरून गेली नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी खास नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. वारसा जपण्यासाठी असा नियम हवाच. तरी मनात एक शंका येते. परदेशी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग आणणे आपल्याकडे कित्येक दशके जवळपास अशक्य होते. त्या काळात आपल्या मिस्त्रींनी जुन्या विलायती गाड्या मिळेल त्या इंजिनावर चालत्या ठेवल्या. कुठे अँबॅसिडरचे, कुठे डिझेलचे. त्यांनी तसे केले नसते, तर त्यांतल्या कितीतरी गाड्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या. एखाद्या जुन्या एमजीत अँबॅसिडरचे इंजिन बसवले, तर ते परके म्हणायचे की घरातलेच? आणि ज्या मिस्त्रीने ते बसवले, त्याचे कसब इतिहासात कुठे नोंदवायचे?

मला वाटते, खोटेपणा बदलात नसतो, बदल लपवण्यात असतो. म्हणून या छंदातली जाणती माणसे दोन पथ्ये पाळतात. काढलेला मूळ भाग ते भंगारवाल्याला देत नाहीत. चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवतात. आणि एक वही ठेवतात : काय काढले, काय घातले, कधी, कोणाच्या हातून. पुढचा मालक त्या वहीच्या आधारे गाडी पुन्हा जुन्या रूपात नेऊ शकतो, किंवा आहे तशी ठेवू शकतो. तुमच्या घराच्या पडवीत आजोबांची एखादी मोटार किंवा स्कूटर ताडपत्रीखाली उभी असेल, तर पाना हातात घेण्याआधी अशी वही आणा. आणि तिच्या पहिल्या पानावर, ही गाडी आजवर ज्यांनी चालती ठेवली त्या मिस्त्रींची नावे, आठवतील तेवढी, लिहून काढा.