बंजारी देवी : व्यापारी वाटांवरील दगडांच्या राशी

रायपूर : छत्तीसगड आणि लगतच्या प्रदेशांतील जुन्या व्यापारी वाटांवर बंजारा तांड्यांनी मागे ठेवलेली खूण म्हणजे ‘बंजारी देवी’. आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या, मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरील १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार खंडी ग्रंथात तिचे वर्णन आढळते. देवीचे स्थान बहुधा जंगलात असे. अनेकदा मूर्तीऐवजी केवळ दगडांची रास आणि तिच्या माथ्यावर शेंदूर फासलेला एक मोठा दगड असे. तेथून जाणारा बंजारा राशीवर एक दगड टाकून अरण्यातील संकटांपासून रक्षण मागत असे. ही खूण कोणा राजाने उभारलेली नव्हती. वाटसरूंच्या वर्दळीनेच ती वाढत गेली.

पक्के रस्ते व लोहमार्ग येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य बाहेर नेणे आणि मीठ आत आणणे हे काम मुख्यतः बंजाऱ्यांच्या हाती होते. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आल्याचे मानले जाते. पाठीवर गोणी लादलेले बैल नायकाच्या आज्ञेत, चारा-पाणी पाहून मजल दरमजल करीत. पुढे नागपूर, भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर असा ग्रेट ईस्टर्न रोड झाला, रायपुरातील ‘जी. ई. रोड’ हे नाव त्याचेच. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. लोहमार्ग वाढत गेले तसा तांड्यांचा धंदा मोडला.

उत्तर भारतातील मोगलकालीन कोस मिनारांपैकी अनेकांना पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षण आहे. या राशींचे प्रकरण मात्र अवघड आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. राशीवर ना लेख असतो, ना तिथी. माथ्यावरचा दगड कालचा आणि तळाचा कोणत्या काळातला, हे ठरवायचे कसे? रस्ता रुंदीकरणात असे दगड सहज बाजूला सारले जाऊ शकतात. ते अन्यत्र रचता येतील, पण वाट नेमकी कोठून जंगलात शिरत होती, याचा पुरावा मग उरत नाही.

काही ठिकाणी देवीला पक्के मंदिर लाभले आहे. रायपूर-बिलासपूर मार्गावरील रावाभाठा येथील बंजारी माता मंदिरात नवरात्रात भाविकांची मोठी गर्दी होते.