त्वचेचे पहारेकरी

इसबाच्या रोग्याला खाजेहून अधिक छळतो तो लोकांचा संशय. ‘रक्त नासले आहे’, ‘शिवू नका, लागण होईल’, असे शेजारीपाजारी सांगतात. वस्तुतः इसब स्पर्शाने पसरत नाही. मग त्वचा पेटते कशाने? याच्या उत्तराचा धागा दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शोधापाशी जातो.

१८६८ साली बर्लिन येथे पॉल लांगरहान्स या तरुण वैद्यक-विद्यार्थ्याने मानवी त्वचेचे काप सुवर्णक्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. आकारावरून त्या मज्जापेशी असाव्यात, असा तर्क त्याने केला. पुढे क्षयामुळे त्याला मायदेश सोडून मदैरा बेटावर राहावे लागले, आणि १८८८ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्या पेशींचे खरे कार्य त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

ते कळू लागले १९७३ साली. पाऱ्याच्या क्षाराने ॲलर्जी उठलेल्या त्वचेत या पेशींना लसिकापेशी बिलगलेल्या इंगा सिल्बरबर्ग यांना आढळल्या. पुढील संशोधनाने निश्चित झाले, की या मज्जापेशी नव्हेत, पहारेकरी आहेत. परका पदार्थ पकडावा, लसिकाग्रंथीत न्यावा आणि तेथील संरक्षक पेशींना त्याची ओळख पटवावी, हे त्यांचे काम. १९८६ साली बालपणापासून जडणाऱ्या इसबात ॲलर्जीची प्रतिद्रव्ये या पेशींवर चिकटलेली सापडली. त्वचेची भिंत विरळ झाली, की धुळीतील निरुपद्रवी कणही आत शिरतात. पहारेकरी त्यांनाच शत्रू समजून हाकाटी करतात, आणि दाह सुरू होतो.

उपचार मात्र कारणाच्या आधी सापडला. १९५२ साली सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाचा गुण दाखवून दिला. ही हाकाटी शमवणारे औषध ते हेच. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शन तर दाह पेटवणारे निरोपच अडवते. परंतु रोजचा खरा आधार साधाच आहे: स्नानानंतर ओलसर अंगावर स्निग्ध मलम लावून ती भिंत सांधणे. स्टेरॉइडचे मलम मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच लावावे. इसब समजून ते गजकर्णावर चोळले, तर बुरशी अधिकच फोफावते.

रक्त नासलेले नाही, लागणही होत नाही. तेव्हा इसब झालेल्या मुलाला पंगतीत वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.